मोकळा दिवस कोणाचा?

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जालन्यात बियाण्यांच्या व्यवसायात नोकरीला आहे. कामानिमित्त तो प्रथमच चीनला निघाला तेव्हा निरोप घ्यायला घरी आला. आधी ग्वांगझाऊ, मग शांघाय आणि शेवटी बीजिंग. काम वगळता चार दिवस मोकळे. त्या चार दिवसांसाठी त्याने एकवीस ठिकाणांची यादी केली होती. "काका, यात काही राहिलं का?" त्याने विचारले. मला चटकन उत्तर सुचेना, कारण प्रश्न ठिकाणांचा नव्हताच. परगावी लाभलेला मोकळा वेळ कोणाचा, हा तो प्रश्न होता.

आपण काटकसरीत वाढलेली माणसे. पुन्हा जाणे होईल न होईल, म्हणून सारे एकदाच पाहून घ्यावे असे वाटते. शिवाय प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातला, नाणे पुरून ठेवणारा आळशी चाकर आपल्या डोळ्यांपुढे असतो. नियोजन हवेच. शांघायहून बीजिंग सुमारे १,३०० किलोमीटर. वेगवान गाडीलाही साडेचार तास लागतात. बीजिंगचा जुना राजवाडा एरवी सोमवारी बंद असतो आणि प्रवेशासाठी पारपत्राच्या क्रमांकावर आधी नोंदणी करावी लागते. हे न पाहता निघणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, निष्काळजीपणा होय. पण एकवीस ठिकाणी धावणारा माणूस तरी ते नाणे कामी लावतो काय? तो ते नुसते मोजत असतो.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. परक्या महानगरात आपल्याला ओळखणारे कोणी नसते. शेजाऱ्यांची नजर नाही, घरच्यांचा धाक नाही. अशा संध्याकाळी आपण काय करतो, त्यावरून आपली खरी ओळख पटते. म्हणून मोकळा वेळ ही सुट्टी असली तरी ती विवेकाला दिलेली सुट्टी नव्हे.

संत फ्रान्सिस झेवियर यांना चीनमधले एकही शहर पाहायला मिळाले नाही. ग्वांगझाऊला नेणाऱ्या होडीची वाट पाहत ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांनी किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर देह ठेवला. गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांपुढे आपण गुडघे टेकतो, तेव्हा त्यांनी काय काय पाहिले हे कोणी विचारत नाही. जे दिसले नाही त्याने त्यांचे जीवन उणे झाले नाही.

शांघायच्या शू ग्वांगची यांचे उदाहरण आपल्या जिल्ह्याला अधिक जवळचे आहे. १६०३ साली बाप्तिस्मा घेऊन ते पावलू झाले. फादर मात्तेओ रिची यांच्यासह त्यांनी युक्लिडच्या भूमितीचा चिनी अनुवाद केला. तो १६०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी वडील वारले आणि रीतीप्रमाणे पद सोडून ते सुतकासाठी गावी परतले. त्या सक्तीच्या मोकळ्या काळात त्यांनी शेतीचे प्रयोग केले. दुष्काळात गरिबाच्या पोटाला आधार म्हणून रताळ्याची लागवड करून पाहिली. १९७२ आणि २०१२-१३ चे दुष्काळ सोसलेल्या जालनेकरांना या रताळ्याचे मोल वेगळे सांगायला नको. त्यांची समाधी शांघायच्या शूजियाहुई भागात आहे. संत इग्नाती यांचे महामंदिर तेथून जवळच आहे.

मी त्या तरुणाला एवढेच म्हणालो, "दिवसाला एकच ठिकाण ठरव, उरलेला वेळ रिकामा ठेव. त्या वेळात एखाद्या बागेत बस, लोक कसे जगतात ते पाहा. शू यांच्या समाधीपाशी मात्र जाऊन ये. बियाण्यांत काम करणाऱ्यावर त्यांचे थोडे ऋण आहे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने यादीतली बरीच नावे खोडली आणि खाली एक ओळ लिहिली: रात्री दहा वाजता खोलीवर. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते. तेथे दहा वाजतात तेव्हा जालन्यात साडेसात झालेले असतात, आणि त्याची आई रोझरीला बसलेली असते.