पडद्यावरचे चेटूक आणि शेजारची बाई

मुलांनी भुताटकीचे चित्रपट पाहावेत काय, 'ब्लॅक सॅबथ'सारख्यांची कर्कश गाणी ऐकावीत काय, असे शब्बाथ शाळेचे शिक्षक विचारतात. या इंग्लिश वाद्यवृंदाने आपले नावही एका भयपटावरूनच घेतले होते. चेटूक देवाला अमान्य आहे, हे अनुवादाच्या १८ व्या अध्यायात स्पष्ट आहे. परंतु आम्हांस त्याहून मोठी काळजी वाटते.

आळंद, बीदर व मराठवाड्याच्या पट्ट्यात भानामतीचे भय जुने आहे. घरावर दगड पडले, कपडे पेटले, की संशय बहुधा एखाद्या एकाकी बाईवर जातो. चित्रपटातली चेटकीण खेळ संपताच नाहीशी होते. ही बाई मात्र गावात राहून मार खाते, वाळीत पडते.

आपण ख्रिस्ती यातून सुटलो असे समजू नये. १६९२ साली अमेरिकेतील सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी देण्यात आली. आरोप करणारे उपासनेस जाणारेच लोक होते. चेटकाविरुद्धचे वचन त्यांना आठवले. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा मात्र भयापोटी विसरली.

महाराष्ट्रात २०१३ चा व कर्नाटकात २०१७ चा कायदा झाला, हे चांगलेच. पण कायदा बहुधा मार पडल्यावर पोहोचतो. शेजारी आधी पोहोचू शकतो. म्हणून मुलांना केवळ "पाहू नका" एवढेच सांगून थांबू नये. ज्या घरचे पाणी कोणी पीत नाही, तेथे त्यांना सोबत घेऊन जावे. बहिष्कृतांच्या पंक्तीस बसणाऱ्या प्रभूचे आपण शिष्य आहोत.