पहिला पाऊस आणि शेवटचा पाऊस

याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायातील ७ व्या वचनात धीराचा कित्ता म्हणून शेतकरी पुढे उभा केला आहे. प्रिय बंधुभगिनींनो, शेतकरी कसा वाट पाहतो हे तुम्हांस कोणी शिकवावयास नको. मात्र एक भेद ध्यानात असावा. आपल्याकडे वळीव आधी आणि मृग मागून. कनान देशात तसे नाही. तेथे पहिला पाऊस आश्विन-कार्तिकाच्या सुमारास पडतो व त्यावर पेरणी होते. शेवटचा फाल्गुन-चैत्रात येतो व त्यावर कणसात दाणा भरतो. मध्ये कित्येक महिने जातात.

त्या महिन्यांत शेतकरी स्वस्थ बसत नाही. तो तण काढतो, कुंपण नीट करतो, गोफण घेऊन पाखरे राखतो. परंतु दाणा भरणे त्याच्या हाती नसते. आणि मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी तो रोप उपटीत नाही. आपण मात्र आपला विश्वास दर आठवड्यास उपटून पाहतो! बाप्तिस्मा घेतला, तरी भाऊबंद बोलत नाहीत, कर्ज फिटत नाही, लेकरू तापाने गेले. मग देवाने ऐकले कोठे?

असे विचारणे पाप नव्हे. त्याच अध्यायात ११ व्या वचनात ईयोबाचे नाव आहे, आणि ईयोब काही मुकाट्याने सोसणारा नव्हता. त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाशी वाद मांडला. पण जे बोलला ते देवाकडे तोंड करून बोलला. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ओझ्याखाली टिकून राहणे असा आहे. खांदा दुखतो म्हणणाऱ्या हमालाने ओझे टाकले असे होत नाही. कपाळी लिहिले ते भोगावे, हे म्हणणे निराळे; तो ख्रिस्ती धीर नव्हे.

तसेच, धीर धरा असे सांगून कोणी गरिबाचे तोंड बंद करू नये. त्याच अध्यायाच्या ४ थ्या वचनात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, व ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे. मजुरी मागणारा मजूर किंवा मार खाऊन माहेरी आलेली लेक अधीर आहे, असे कोणत्याही पंचाने म्हणू नये.

आता उपदेशक बंधूंनो, दोन शब्द तुमच्यासाठी. चार वर्षे गावात राहिलो आणि ऐकावयास तीनच माणसे येतात, असे तुम्ही सांगता. गॉर्डन हॉल साहेब १८१३ साली मुंबईस उतरले. १३ वर्षे त्यांनी आपल्या भाषेत उपदेश केला. तेवढ्या काळात मंडळीत आलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. १८२६ च्या मार्चात, नाशिककडील प्रवासात, त्यांना पटकी झाली व वाटेतच देवाज्ञा झाली. वय ४१. ज्या मराठी नव्या करारासाठी ते झटले, तो त्याच वर्षी छापून निघाला. अहमदनगरास मिशनचे काम सुरू झाले ते १८३१ साली. त्या जिल्ह्यात पुढे गावोगावी ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतली एकही त्यांच्या दृष्टीस पडली नाही.