वायल्डरची शाळा, रमाबाईंचा छापखाना

मिशनऱ्याने शाळा काढावी की नुसता उपदेश करावा, या एका प्रश्नावरून रॉयल गूल्ड वायल्डर यांचं आपल्याच मिशनशी बिनसलं आणि ते पुन्हा कधी जमलं नाही. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये काही वर्षं काढून वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. इथे त्यांनी शाळांच्या कामाला हात घातला. दोनेक वर्षांत बोस्टनहून या मिशनच्या बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन हिंदुस्थानातल्या कामाच्या पाहणीला आले. त्यांचा सवाल सरळ होता: प्रेषित पौलाने कुठे शाळा काढल्या? सुवार्ता सांगायची, मंडळी उभी करायची आणि ती इथल्याच माणसांच्या हाती सोपवायची. गणित, भूगोल आणि इंग्रजी शिकवून मुलं सरकारी कचेरीत चिकटतात, ख्रिस्ताकडे येत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. बोर्डाने इंग्रजी शाळांना कात्री लावली.

वायल्डर ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. अमेरिकेत परत गेल्यावर मिशन शाळांच्या बाजूने त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं आणि 1861 साली बोर्डाच्या आधाराशिवाय कोल्हापूरला परतले. 1870 साली हे काम प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेलं. त्यांच्या चरित्रात आकडे दिले आहेत: तीन हजारांहून अधिक गावांत उपदेश, पत्रकांची तीस लाखांहून अधिक पानं वाटली, शाळांत 3,300 विद्यार्थी आणि त्यांत 300 मुली. बाप्तिस्म्यांची संख्या मात्र या आकड्यांच्या जवळपासही जात नाही.

न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये नाताळला गर्दी करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे भांडण ठाऊक असेल? ठाऊक असायला हवं. विश्वास माणसाच्या शहाणपणावर उभा राहतो की देवाच्या सामर्थ्यावर, हा पौलाचा प्रश्न आपल्या गावात असा शाळेच्या पटावर येऊन बसला होता.

पौलाने तो मांडला तो करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, इसवी सन 54-55 च्या सुमारास. करिंथ हे बंदराचं, पैशाचं आणि वक्तृत्वाचं शौकीन शहर. तिथल्या छोट्या मंडळीत तट पडले होते. कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको, पेठापेठांतल्या तालमींची ईर्ष्या आपण पाहत आलो आहोत. पौल त्यांना आठवण करून देतो, की मी तुमच्याकडे आलो तेव्हा पांडित्य मिरवत आलो नव्हतो, भीत भीत, कापत आलो होतो. आणि तुम्ही तरी कोण होतात? तुमच्यात शहाणे थोडे, कुलीन थोडे. अथेन्सच्या अरीयपगावर विद्वानांपुढे केलेलं भाषण फसलं म्हणून पौलाने करिंथात पवित्रा बदलला, असं पुष्कळ उपदेशक सांगतात. मला ते फारसं पटत नाही. ज्या पत्रात तो वक्तृत्व नाकारतो ते पत्रच ग्रीक वक्तृत्वाचा चोख नमुना आहे, आणि पुढे पंधराव्या अध्यायात तो एका ग्रीक नाटककाराचं वचन सहज वापरून जातो. गमलिएलाच्या पायाशी शिकलेला माणूस शिकलेलं विसरत नसतो. त्यावर भार टाकायचं त्याने सोडलं, एवढंच.

मराठी मुलखात प्रोटेस्टंट मिशनने सुरुवात केली ती नेमकी उलट्या टोकाने. मुंबईत पाद्री जॉन विल्सन आणि हिंदू शास्त्री मोरभट दांडेकर यांचा 1831 सालचा वाद प्रसिद्ध आहे. पुराव्याला पुरावा, शास्त्राला शास्त्र. पुढे 1857 साली विष्णुबावा ब्रह्मचारींनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी सभा गाजवल्या. लोक ऐकायला लोटत, दाद देत, घरी जात. वाद जिंकून कुणाचं हृदय जिंकल्याचं उदाहरण शोधायला बसलं तर हाती फार थोडं लागतं. विल्सनच्या शाळेतून मात्र 1839 साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले आणि साऱ्या मुंबईत खळबळ उडाली. म्हणजे अँडरसनचा हिशेब अगदीच बरोबर होता असंही नाही.

वादातून ख्रिस्ताकडे आलेला एक थोर मराठी माणूस आहे, आणि त्याची गोष्ट या साऱ्या चर्चेच्या मुळाशी जाते. नीळकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले चित्पावन पंडित. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदू मतावर टीका केली, तेव्हा वीस वर्षांच्या आसपासच्या नीळकंठशास्त्र्यांनी संस्कृतातच तिचा समाचार घेतला. 1848 साली याच शास्त्र्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले. 1860 साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी सहाही दर्शनांची तर्कशुद्ध चिकित्सा केली. एवढा तर्क ज्याच्या हाताशी, त्याला शांती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. एक शंका मिटली की दुसरी उठे. आज पटलेलं उद्या पुन्हा तपासावं लागे. 1895 साली मुंबईत त्यांचा अंत झाला तोवर हे चालूच होतं. मला गोऱ्यांविषयी अतोनात आदर आहे. इतका प्रामाणिक माणूस विरळा. पण तर्काच्या पायावर घर बांधलं की रोज पाया उकरून पाहावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणी भोगलेलं नाही.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मत बुद्धीला पटवून दिलं ते याच गोऱ्यांनी. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, अशा बाईला दुसऱ्या कुणाचं पटलंही नसतं. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्मा झाला म्हणून पंडिता गप्प बसली नाही. त्रैक्य म्हणजे काय, ख्रिस्ताचं देवत्व कशावरून, बिशपांचा अधिकार कुठून आला, हे प्रश्न त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेरल्डिनना पत्रांतून असे विचारले की त्या बिचाऱ्या जेरीस आल्या. इकडे पुण्यात सनातनी खवळले होते, आणि 1885 च्या ‘सत्सार’मध्ये जोतीराव फुले रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले होते. फुलेही स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, ख्रिस्ती मात्र न झालेले. वायल्डर आणि अँडरसन दोघांनाही हे उदाहरण अडचणीचं आहे.

1907 साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाईंनी स्वतःच सांगून टाकलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्याला सात-आठ वर्षं उलटल्यावर तो त्यांना सापडला. तो नव्या युक्तिवादातून सापडला नाही. आपल्या विद्येने, आपल्या चांगुलपणाने, आपल्या समाजकार्यानेही देवापुढे उभं राहता येत नाही, हे उमगलं तेव्हा सापडला. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. वेद घोकणाऱ्यांना जे लाभत नाही ते देहूच्या वाण्याला लाभतं, हे आपल्या कानावर लहानपणापासून पडतं. नारायण वामन टिळकांनी तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं उघड सांगितलं, आणि 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला.

इथवर गोष्ट कुणालाही आवडेल अशी आहे: पंडिता विद्या टाकते, भक्तीला शरण जाते. पण रमाबाईंनी पुढे काय केलं ते पाहा. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने मदतीचं वचन दिलं होतं ते दहा वर्षांचं. ती मुदत 1898 ला संपली. केडगावातल्या त्यांच्या मुक्ती सदनात तोवर दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली होत्या, 1900 च्या दुष्काळानंतर हा आकडा दीड-दोन हजारांकडे गेला. बाईंनी कुणापुढे झोळी पसरायची नाही, देवाकडे मागायचं, असं ठरवलं. 1905 च्या जूनमध्ये मुक्तीत संजीवन आलं. मुली रात्र रात्र रडून, ओरडून प्रार्थना करू लागल्या. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा प्रकार शिष्टसंमत वाटला नाही. रमाबाईंनी मुलींना आवरलं नाही. आपल्या देशाच्या माणसांना देव आपल्या रीतीने भेटेल, ही त्यांची भूमिका होती.

आणि याच बाई त्याच काळात हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या. पन्नाशीकडे झुकलेलं वय, ऐकू कमी येतं, अंगावर हजारो पोटांची जबाबदारी, आणि समोर हिब्रू व्याकरण. मूळ भाषांतून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. आधीचं भाषांतर पंडिती वळणाचं, खेड्यातल्या बाईला न कळणारं, म्हणून हे नवं. कलकत्त्याने सरस्वती म्हटलेली बाई संस्कृत शब्द एकेक करून खोडत होती. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला होत्या त्या दुष्काळातून आलेल्या, विधवा म्हणून टाकलेल्या मुली. काल अक्षरओळख झालेली मुलगी आज उलटी अक्षरं ओळीत बसवत होती, प्रुफं काढत होती. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या त्या हे काम हातावेगळं करून. ग्रंथ बाहेर आला तो 1924 ला.

वायल्डर-अँडरसन भांडणाचा निकाल मला या छापखान्यात दिसतो. देवाच्या सामर्थ्यावर भार टाकणारी माणसं आळशी नव्हती आणि अडाणीपणाची पूजाही करत नव्हती.

कोल्हापूरच्या मंडळीला ही गोष्ट विशेष लागू आहे. ज्या उच्चवर्णीय मुलांसाठी इंग्रजी शिक्षणाचा एवढा खटाटोप झाला ती मुलं शिकून निघून गेली. मंडळीत आली ती बहुतेक गावकुसाबाहेरची माणसं, करिंथात आली तशीच. पण यांना शतकानुशतकं पाटीला हात लावू दिलेला नव्हता. आपल्याकडची विद्या केराप्रमाणे टाकून देणं पौलाला शोभतं, रमाबाईंना शोभतं. ज्याच्या आज्याला शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नाही त्याला ‘मानवी ज्ञान व्यर्थ’ असं सांगणं ही क्रूर थट्टा आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं काढली, 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं पाऊल टाकलं, ते याच गावात. आपल्या इर्विन ख्रिश्चन आणि एस्तेर पॅटन हायस्कुलांनीही तेच काम केलं. तेव्हा इथल्या व्यासपीठावरून पौलाचं ते वचन वाचताना उपदेशकाने समोर कोण बसलंय हे आधी पाहावं.

शहाणपणाचं आणखी एक रूप आहे, आणि तेही कोल्हापूरच्याच मुलाच्या वाट्याला आलं. वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथे जन्मला. तो आणि त्याची बहीण ग्रेस विद्यार्थ्यांतून मिशनरी निघावेत म्हणून प्रार्थना करत. 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मनला शंभर तरुणांनी नावं दिली आणि विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. प्रार्थनेतून निघालेली चळवळ. पण याच पिढीत सारं जग सुवार्तेने व्यापायचं अशी घोषणा आली, मागोमाग नकाशे, तक्ते, निधीचे अंदाज आले. 1910 च्या एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत उत्साहाला उधाण होतं. चारच वर्षांत ख्रिस्ती म्हणवणारी राष्ट्रं खंदकांतून एकमेकांचे गळे कापू लागली. नियोजनाचं शहाणपण पांडित्याच्या शहाणपणाहून कमी फसवं नसतं. ग्रेस मात्र आईबरोबर परत आली आणि इस्लामपूरला कामाला लागली. तिचं नाव मोठ्या इतिहासांत तळटीपेत सापडतं.

आज विजेच्या खांबांवर फलक असतात: चंगाई सभा, सामर्थ्याची रात्र. व्यासपीठावर दिवे, कीबोर्ड, मोबाइलवर थेट प्रक्षेपण. देव बरं करत नाही असं मी म्हणणार नाही. ज्याला अनुभव आला त्याच्याशी वाद कसला घालायचा? पण पौलाने सामर्थ्य म्हटलं ते वधस्तंभावर हरलेल्या माणसाकडे बोट दाखवून. करिंथकरांना भपका हवा होता, त्याने तो दिला नाही. गर्दी जमवायचं तंत्र, साक्षी कुठल्या क्रमाने घ्यायच्या याचा अंदाज, दानपेटी कधी फिरवायची याची जाण, हेही माणसाचंच शहाणपण आहे. फक्त त्याने पंडिताची पगडी उतरवून चमकदार कोट घातला आहे. आणि या सभांतून कुणी मधुमेहाच्या किंवा फिटच्या रुग्णाला गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर त्याला मिरजेचा रस्ता दाखवावा. विल्यम वानलेस 1889 साली या भागात आले, 1894 साली मिरजेला त्यांचं रुग्णालय उभं राहिलं, आणि तिथे शस्त्रक्रियेआधी प्रार्थना व्हायची. प्रार्थना झाली की वानलेस हात धुऊन सुरी उचलायचे. कोल्हापूरच्या मेरी वानलेस हॉस्पिटलला त्यांच्याच घरचं नाव आहे.

माझी पाळकांना आणि वाचकांनाही विनंती एवढीच, की दुसऱ्या अध्यायातलं ते एक वचन सुटं काढून फलकावर लिहू नका. करिंथकरांस पहिल्या पत्राचे पहिले चार अध्याय एका बैठकीत वाचा, अर्धा तासही लागणार नाही. ते पत्र लिहिलं गेलं तेव्हा मंडळीत भांडण चालू होतं, आणि ज्यांना आपला उपदेशक सर्वांत प्रभावी वाटत होता त्यांच्यासाठीच ते लिहिलं होतं.