लागला की लावला?

मॉस्कोच्या मेट्रोत दिशा डोळ्यांआधी कानांना कळते. शहराच्या मध्याकडे निघालेल्या गाडीत घोषणा पुरुषाच्या आवाजात, बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईच्या. तिथले लोक गमतीनं सांगतात, साहेब कामावर बोलावतो आणि बायको घरी. 2017 च्या हिवाळ्यात मी रशियन शिकायला गेले होते. बिल्यायेवो स्थानकाजवळच्या वसतिगृहातून साहेबांच्या आवाजात शहरात जायचं, बाईंच्या आवाजात परतायचं. श्रवणाचा माझा खरा तास तोच. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी काचेच्या खोलीत एक बाई बसलेल्या असत आणि बाहेर पाटी होती: इथे माहिती दिली जात नाही. पुण्याहून गेलेल्या मला त्या पाटीनं अगदी घरच्यासारखं वाटलं.

'अस्तारोझ्ना, द्वेरी झाक्रिवायुत्सा.' सांभाळा, दारं बंद होत आहेत. त्यातला शेवटचा 'त्सा' महत्त्वाचा. तो आला की दारं कुणी बंद करत नाही, ती होतात. वर्गातल्या काही जणांना हे पचायला आठवडा गेला. मला लगेच कळलं. आपल्याकडे कपसुद्धा कुणी फोडत नाही, तो फुटतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी व्हिएतनामची मैत्रीण मला 'प्लोश्चद रेवल्यूत्सी' स्थानकावर घेऊन गेली. क्रांती चौक म्हणा हवं तर. 1938 साली सुरू झालेल्या या स्थानकाच्या कमानींत मात्वेय मनिझेर या शिल्पकाराचे 76 कांस्यपुतळे आहेत: सैनिक, खलाशी, शेतकरीण, विद्यार्थिनी. कमानी बुटक्या, त्यामुळे बहुतेक सगळे बसलेले, वाकलेले. त्यांत सीमेवरचा एक पहारेकरी आणि त्याचा कुत्रा. सगळा कुत्रा काळपट, नाक मात्र सोन्यासारखं लखलखीत. परीक्षेला जाताना त्याला हात लावला की यश मिळतं, अशी विद्यार्थ्यांची समजूत. ज्या राजवटीनं 1931 साली ख्रिस्त तारकाचं भव्य कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं, तिनंच बांधलेल्या स्थानकात हे चालतं. रांग नाही, पुजारी नाही. माणसं चालता चालता हात फिरवतात आणि गाडी पकडतात.

माझाही हात लागला.

रात्री फोनवर बाबांना सांगितलं. ते अंधश्रद्धा निर्मूलनाचे जुने कार्यकर्ते. आमच्या घरी देव्हारा नव्हता, आणि पंढरपूरला आजीला नेलं तेव्हा बाबा दर्शनबारीबाहेर पेपर वाचत बसले होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच विचारलं, "लागला की लावला?"

प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण तसा नाही. बाबांचं म्हणणं मला पाठ आहे. 'लागला' म्हणणारा माणूस कर्ता व्हायचं टाळतो. अंगात येतं, कौल मिळतो, नवस फळतो; यांपैकी काहीच कुणी 'करत' नाही, म्हणून कुणाला जाब विचारता येत नाही. बुवाबाजी याच फटीतून घरात शिरते. हे खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण त्याच आठवड्यात बाईंनी वर्गात दोन वाक्यं लिहून दिली होती. 'या न्ये व्येर्यू': मी विश्वास ठेवत नाही. 'म्न्ये न्ये व्येरित्सा': मला खरं वाटत नाही. क्रियापद एकच, दुसऱ्याला फक्त तो 'त्सा' जोडलेला, आणि 'मी' चा झालेला 'मला'. बाबा आयुष्यभर पहिल्या वाक्यात राहिले. विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं. मला मात्र वाटतं, की श्रद्धा आधी दुसऱ्या वाक्यात जन्मते. ती वाटते किंवा वाटत नाही. ठेवणं, नाकारणं मागाहून येतं. मागाहून येतं म्हणून ते कमी मोलाचं ठरत नाही. जबाबदारी तिथंच सुरू होते.

आजीला पंढरपुरात विचारलं असतं, तर ती "पायावर डोकं ठेवलं" म्हणाली असती. ठेवलं! तिच्या बोलण्यात टेकलं, लागलं असं काही नव्हतं. विठ्ठलाच्या पायांची झीज अशा ठेवलेल्या डोक्यांनी आणि हातांनी झाली, म्हणून मूर्तीला वज्रलेप करावा लागतो. आमच्या घरात कर्तेपण घ्यायला बाबांइतकीच आजीही तयार होती. मधल्यामधे 'लागला' म्हणून सुटू पाहणारी मीच.

परीक्षेत गतिवाचक क्रियापदांनी दगा दिला. चालत जाणं आणि वाहनानं जाणं यांसाठी वेगळी क्रियापदं, त्यांत माझी पुरती गाळण उडाली. कुत्र्यानं काही केलं नाही. तरी भारतात परतण्याच्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या स्थानकावर उतरले, हातमोजा काढला आणि त्या थंडगार नाकावर हात ठेवला. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.