जगलेले आणि जोडलेले

दूरचित्रपट म्हणजे चित्रपटगृहासाठी नव्हे, तर प्रक्षेपणाच्या ठरलेल्या वेळेसाठी तयार केलेला आणि बहुधा एकाच बैठकीत पाहून संपणारा कथापट. बोलण्यात त्याला सर्रास टेलिफिल्म म्हटले जाते. अमेरिकेत एबीसी या वाहिनीने १९६९ पासून ‘मूव्ही ऑफ द वीक’ या नावाने असे नवे चित्रपट आठवड्यागणिक दाखवायला सुरुवात केली, तेव्हा दीड तासाच्या वेळेतून जाहिराती वजा जाता उरणाऱ्या सुमारे सव्वा तासात कथा बसवावी लागे. भारतात दूरदर्शनसाठी सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर १९८१ मध्ये ‘सद्गती’ केला. त्याची लांबी तासाभराहूनही कमी आहे. वेळ थोडा, पैसा बेताचा आणि चित्रीकरणाचे दिवस मोजके असल्यामुळे या प्रकारात नटाने प्रत्यक्ष केलेले काम आणि प्रेक्षकाच्या घरात पोचलेले काम यांतील अंतर विशेष ठळकपणे जाणवते.

रंगभूमीवर हे अंतर जवळजवळ नसते, कारण नट ज्या क्षणी करतो त्याच क्षणी प्रेक्षक पाहतो. कॅमेऱ्यासमोर मात्र केलेले आणि पाहिलेले यांच्यामध्ये काही महिने, काही माणसे आणि एक कात्री येते. अशा वेळी नटाने आपले काम कशावरून जोखावे, चित्रीकरणाच्या दिवशी जे घडले त्यावरून की पूर्ण होऊन जे दिसले त्यावरून, हा पेच पुढील संवादात मांडला आहे. संवादातील ज्येष्ठ अभिनेत्री आणि तिच्याहून वयाने लहान असलेला संकलक ही विशिष्ट माणसे नसून दोन भूमिका आहेत.

अभिनेत्री: अभिनय घडतो तो ‘ॲक्शन’ आणि ‘कट’ या दोन शब्दांच्या मध्ये, आणि नंतर संकलनाच्या टेबलावर जे होते ती केवळ त्याची मांडणी असते, हे मत सोडण्याचे कारण दिसत नाही. तसबिरीला कितीही सुबक चौकट बसवली तरी तसबीर चौकटीने काढलेली नसते.

संकलक: ताई, चौकट बसवण्यापूर्वी तसबीर पूर्ण झालेली असते, येथे तसे नसते. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. जागा, उजेड आणि कलाकारांच्या तारखा पाहून मृत्यूचा प्रसंग पहिल्या दिवशी आणि पहिल्या भेटीचा प्रसंग शेवटच्या दिवशी उरकला जातो. क्लोजअपमध्ये नट ज्याच्याकडे पाहून डोळे भरून आणतो तो सहकलाकार पुष्कळदा घरी गेलेला असतो, सहायक दिग्दर्शक कोरड्या आवाजात त्याची वाक्ये वाचतो, आणि नजर ढळू नये म्हणून दिव्याच्या स्टँडवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्याकडे पाहायला सांगितले जाते. तो सहकलाकार लहान मूल असेल, तर पट्टीवर खिळलेली ती नजर पडद्यावर मुलाच्या तोंडावरून फिरणारी नजर ठरते ती दोन शॉट एकमेकांना जोडल्यावर. मग अभिनय पट्टीपाशी घडला की जोडापाशी?

अभिनेत्री: पट्टीपाशीच, कारण पट्टीत मूल दिसल्याशिवाय ती नजर तशी होत नाही.

संकलक: हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांच्या एका प्रयोगाची हकिकत त्यांचे शिष्य पुदोव्हकिन यांनी सांगितली आहे. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडला, तेव्हा पाहणाऱ्यांना पहिल्यात विचारमग्नता आणि दुसऱ्यात शोक दिसला, आणि नटाच्या कौशल्याची वाहवा झाली. शेजारच्या चित्रामुळे चेहऱ्याला अर्थ चिकटण्याच्या या प्रकाराला कुलेशोव परिणाम म्हणतात. त्या चेहऱ्याला ना वाडगा दिसला होता ना पेटी.

अभिनेत्री: हा प्रयोग जेवढे सिद्ध करतो तेवढेच मानावे. चेहरा मोकळा होता म्हणून प्रेक्षकाला त्यात काही भरता आले. उसन्या दुःखाने बरबटलेला चेहरा त्या जागी असता तर वाडगाही वाया गेला असता आणि पेटीही. शिवाय सगळेच काही शेजाऱ्याकडून मिळत नाही. ‘सद्गती’तला दुखी हा चर्मकार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला घासीराम पंडिताच्या दारी येतो, पंडित त्याच्याकडून झाडलोट करून घेतो, भुसा वाहून घेतो आणि शेवटी एक गाठाळ ओंडका फोडायला लावतो, आणि उपाशीपोटी घाव घालता घालता दुखी मरतो. ओम पुरी यांनी उचललेली कुऱ्हाड दर खेपेला अधिक जड होत गेलेली दिसते. घाव बसतो, लाकूड दाद देत नाही, आणि तो झटका मनगटातून खांद्यापर्यंत चढतो. हा झटका कोणत्या कात्रीने निर्माण करता येईल?

संकलक: झटका निर्माण करता येत नाही हे मान्य आहे, पण त्याची चढण रचता येते. असा प्रसंग आधी दुरून सलग घेतात, त्याला मास्टर शॉट म्हणतात, आणि मग चेहरा, हात, ओंडका यांचे वेगवेगळे टेक होतात. पहिल्या टेकमधला ताजा घाव, दुपारच्या टेकमधली दमलेली मान आणि दुसऱ्या दिवशीचा कुऱ्हाडीच्या पात्याचा शॉट एका ओळीत बसवले की एका माणसाचा तासागणिक वाढणारा थकवा दिसू लागतो. तो सलग थकवा त्या क्रमाने कोणत्याही शरीराने कोणत्याही दिवशी भोगलेला नसतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९७१ मधील ‘ड्युएल’ हा दूरचित्रपट पाहावा. डेनिस वीव्हर यांनी साकारलेल्या मोटारचालकाचा एक अवजड ट्रक रस्ताभर पाठलाग करतो आणि ट्रकचालकाचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. ज्या भीतीने प्रेक्षक खुर्चीला खिळतो ती ट्रक, आरसा आणि चेहरा यांच्या आलटून पालटून येण्यातून, म्हणजे लयीतून उभी राहते.

अभिनेत्री: त्याच ‘ड्युएल’ची पुढची हकिकत मात्र उलट दिशेला नेते. प्रक्षेपणावेळी तो सुमारे ७४ मिनिटांचा होता, आणि पुढे परदेशांतील चित्रपटगृहांसाठी नवे प्रसंग चित्रित करून तो सुमारे ९० मिनिटांपर्यंत वाढवला गेला. ज्याला पूर्ण कृती म्हणायचे ती जर बाजारपेठ बदलताच लांबत असेल, तर पूर्णता हा केवळ एक थांबा ठरतो. नटाने आपले काम अशा हलत्या मापाने का मोजावे?

संकलक: कारण दुसरे माप प्रेक्षकाच्या हाती नसते. नाटकातल्या भावनेचा अनुभव नेमका कोणाच्या ठायी असतो, हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्रात फार जुना आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील रससूत्राचा अर्थ लावताना भट्ट लोल्लटाने रस मुख्यतः मूळ व्यक्तिरेखेत मानला, शंकुकाने प्रेक्षक नटावरून रसाचे अनुमान करतो असे म्हटले, भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली, म्हणजे एका व्यक्तीची भावना तिच्या खासगीपणातून सुटून सर्वांची होते ती क्रिया. आणि अभिनवगुप्ताने रसाचा आस्वाद सहृदय प्रेक्षकाच्या ठायी मानून नट हे केवळ त्या आस्वादाचे साधन असल्याचे सांगितले. नटाला पात्र म्हणतात ते याचसाठी, कारण भांड्याला आतल्या मद्याची चव कळत नाही. भांड्याला काय वाटले यावरून पेयाची परीक्षा कशी करावी?

अभिनेत्री: भांड्याला चव कळत नाही हे खरे, पण पेयाला भांड्याचा गुण लागतो. पितळी भांड्यात ताक कळकते आणि कच्च्या मडक्यात पाणी ठरत नाही. नटाला काय वाटले हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो किती भाजला गेला आहे हा प्रश्न उरतोच.

संकलक: मग ‘सद्गती’चाच शेवट विचारात घ्यावा, जेथे पंडित दुखीचे शव दोराने ओढून नेतो. दुखी मेलेला आहे, म्हणजे व्यक्तिरेखेला कसलाही अनुभव नाही. शव होऊन पडलेल्या नटाला ओल, खडे आणि दोर यांचाच अनुभव असणार, आणि तो दुखीचा अनुभव नव्हे. प्रेक्षकाला मात्र जे सोसवत नाही ते नेमके येथेच. व्यक्तिरेखेचा, नटाचा आणि प्रेक्षकाचा असे तीन अनुभव येथे एकमेकांना कोठेच मिळत नाहीत, आणि तरीही चित्रपट सर्वाधिक परिणामकारक होतो तो याच ठिकाणी.

अभिनेत्री: त्या शवाला ओढणाऱ्या हातांकडेही पाहिले पाहिजे. मोहन आगाशे यांनी साकारलेला घासीराम विटाळ टाळण्यासाठी शवाचा पाय काठीने उचलतो आणि त्यात दोराचा फास सरकवतो. अंगाला अंग लागू नये याची ती काळजी, एखादे नाजूक काम करावे तशी, पाहणाऱ्याला शरमेने खाली पाहायला लावते. त्या हातांना ओझे खरे वाटावे म्हणून दुसऱ्या नटाला आपले शरीर पूर्ण सैल सोडावे लागते, कारण अंग जरा ताठले तरी ओढणाऱ्याच्या पाठीतली खरी वाकण नाहीशी होते. आणि पावसात त्या शवापाशी आक्रोश करणाऱ्या स्मिता पाटील यांच्या झुरियाला, म्हणजे दुखीच्या पत्नीला, तो निश्चलपणा मिळाला नाही तर टाहो फोडायचा कोणापुढे? येथे तुझ्या म्हणण्यातला एक भाग मान्य करावा लागतो. अनुभव या शब्दाने मनात उमटलेली खासगी भावना अभिप्रेत असेल, तर तिचा पूर्ण झालेल्या चित्रपटावर काही हक्क नाही. परंतु त्या शब्दाने एकाने दुसऱ्याला दिलेले अवधान, वजन आणि विश्वास अभिप्रेत असेल, तर ते जोडकामाच्या आधीच चित्रात उतरलेले असते.

संकलक: हा फरक मोलाचा आहे, पण त्यातून मूळ पेच अधिक टोकदार होतो. एखाद्या दिवशी नटाचे लक्ष नव्हते, दात ठणकत होता, मन परतीच्या गाडीत होते, आणि नेमका त्या दिवसाचा टेक लागून प्रेक्षक रडले. अशी वाहवा स्वीकारणे ही चोरी नव्हे काय?

अभिनेत्री: चोरी नव्हे, उसनवारी. ती वाहवा लेखक, छायाचित्रकार, सहकलाकार आणि संकलक यांच्या शिलकीतून आलेली असते, आणि उसने घेतलेले परत करण्याची जागा म्हणजे पुढचे काम. ही गोष्ट स्वतःशी नोंदवून न ठेवणारा नट हळूहळू अशा उसन्यावरच जगू लागतो.

संकलक: आणि याच्या उलट घडले तर? दिवस खरा गेला, प्रसंग मनासारखा उतरला, पण लांबी वाढली म्हणून किंवा जाहिरातीचा थांबा मध्ये आला म्हणून तो कापला गेला. ते काम कोठे गेले?

अभिनेत्री: ते जेथे घडले तेथेच पूर्ण झाले. ॲरिस्टॉटलने निर्मिती आणि आचरण असा भेद केला आहे. घर बांधणे ही निर्मिती, कारण तिचे साध्य तिच्या बाहेर, म्हणजे घरात असते. चांगले वागणे हे आचरण, कारण त्याचे साध्य त्या वागण्यातच असते. दूरचित्रपट ही अनेकांची निर्मिती आहे, पण समोरच्या नटाला खरा प्रतिसाद देणे हे आचरण आहे, आणि ज्याला तो मिळाला त्याला त्याच दिवशी तो पोचलेला असतो. मात्र याचा आधार घेऊन प्रेक्षकाकडे काही मागता येत नाही. घेतलेले कष्ट हे फसलेल्या चित्रपटाचे समर्थन होऊ शकत नाही.

संकलक: मग पूर्ण झालेल्या चित्रपटाशी नटाचा संबंध तुटला असे म्हणायचे का? तसे असेल तर तो सोयीस्कर संन्यास ठरेल.

अभिनेत्री: तसे मुळीच म्हणता येत नाही. दूरचित्रपट घरात शिरतो, जेवणाच्या ताटापर्यंत येतो. भारतात रंगीत प्रक्षेपण नियमित झाले ते १९८२ मध्ये, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे असंख्य घरांतले संच कृष्णधवलच होते, शेजारपाजार एका खोलीत दाटीवाटीने बसून पाही. अशा खोलीत दुखीचे दुःख ज्यांच्या घराण्याने सोसले ते आणि घासीरामचा सोवळेपणा ज्यांच्या घराण्याने पाळला ते, दोघांनीही चेहरा पाहिला तो नटाचा. त्यामुळे जुळणी दुसऱ्याने केली असे सांगून नटाला सुटता येत नाही.

संकलक: परंतु ज्यावर ताबा नाही त्याची जबाबदारी कशी घ्यावी?

अभिनेत्री: ताबा शेवटी नसतो, पण सुरुवातीला असतो. संहिता वाचून होकार द्यायचा की नाही, आपला चेहरा कोणाच्या हाती सोपवायचा आणि कशासाठी, हे नटाच्या हातात असते. मात्र सोपवलेली वस्तू ज्याच्याकडे आली त्याच्यावरही बंधन येते.

संकलक: ते बंधन मान्य केलेच पाहिजे. पट्टीकडे पाहणाऱ्या नजरेला मूल दाखवणे हे संकलकाचे काम आहे, कारण तिला मूलच पाहायचे होते. पण त्याच नजरेला, ती ज्यासाठी दिली गेलीच नव्हती, अशा लालसेचा किंवा तुच्छतेचा अर्थ चिकटवणे हा विश्वासघात आहे. तंत्राच्या दृष्टीने दोन्ही जोड सारखेच सोपे असतात, म्हणूनच त्यांतला भेद संकलकाने स्वतः पाळावा लागतो.

अभिनेत्री: मग हा पेच दोघांनी वाटून घ्यायचा आहे. काय वापरले जाईल हे ठाऊक नसताना नटाने सगळे द्यावे, आणि देताना काय होते हे पाहिलेले नसताना संकलकाने त्याची बूज राखावी.

संकलक: ताई, रशेस पाहताना, म्हणजे न कापलेले चित्रीकरण टेकामागून टेक तपासताना, एक गोष्ट वारंवार आढळते. शेवटचे वाक्य बोलून झालेले असते, दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणायला दोन क्षण घेतलेले असतात, आणि कोणत्याही संहितेत न लिहिलेल्या त्या दोन क्षणांत काही नट चेहरा उतरवून ठेवतात, तर काही तेथेच थांबलेले असतात. अनेकदा संपूर्ण प्रसंग उचलून धरणारा तुकडा तेथेच सापडतो.

अभिनेत्री: नटाने तेवढे थांबायला हवे.

संकलक: आणि कात्री चालवण्यापूर्वी टेक तेवढा शेवटपर्यंत पाहायला हवा.