दोन पावलं मागे



मी डिझायनर, गोव्यातल्या मोरजीत घरीच काम करतो. गेल्या गणेश चवथीच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या एका शॅकचं मेन्यूकार्ड करायला संगणकापुढे बसलो. नवं सॉफ्टवेअर उतरवलं, त्याचे शॉर्टकट पाठ केले, चाळीसेक फाँट चाळले. दुपार झाली तरी पान कोरंच.

देवघरापुढे काका माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची सजावट, बांधत होते. हत्यार एकच, कोयता. बांधायला केवणीच्या सालीचे दोर. आधी जड वस्तू: नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड. मग मधल्या जागांत आंबाडे आणि लालभडक कवंडळं. प्रत्येक गाठीनंतर काका दोन पावलं मागे सरायचे, मान तिरकी करून बघायचे. मध्येच काही न बोलता एक नारळ उजवीकडून डावीकडे गेला आणि सगळी माटोळी सावरली.

मी सकाळभर साधनंच जमवत बसलो होतो. मागे सरून बघितलं नव्हतं एकदाही.

मग आठवलं, संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी सुलेखनकार होते, कवी होते. अक्षराचं वळण त्यांच्या हाताला आधी ठाऊक होतं. संगणक नंतर आला.

साधनानं वेग येतो, हे खरंच. पण काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते नजरच ठरवते. त्या संध्याकाळी मी कागदावर पेन्सिलीनं चार चौकोन आखले. कार्ड तासाभरात उभं राहिलं.

आज काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं कोऱ्या कागदाला द्या. आणि गाठ मारली की दोन पावलं मागे सरा.