न लागलेली भिशी

दरवर्षी जून-जुलैमध्ये अमेरिकेला एमएससाठी निघालेल्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : "युनिव्हर्सिटीचा इन्शुरन्स खूप महाग आहे, वेव्हर कसा मिळेल?" पाच मिनिटांत सीनियर मंडळींची उत्तरं सुरू होतात. अमुक प्लॅन घे, निम्म्याहून स्वस्त पडतो, मी दोन वर्षं तोच घेतला होता, काही झालं नाही.

हे 'काही झालं नाही' मला खटकतं. तो त्या प्लॅनचा अनुभव नाही, स्वतःच्या तब्येतीचा आहे. छत्री गळते की नाही हे कोरड्या दिवसांवरून कसं कळणार? आणि ज्याला खरंच काही झालं, तो सेमिस्टर सोडून घरी गेला असेल तर ग्रुपवर सल्ले द्यायला नसतो. म्हणजे आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त धडधाकट लोकांचा आवाज.

स्वस्त प्लॅन स्वस्त का असतो, हे बघण्यासारखं आहे. एफ-१ व्हिसासाठी अमेरिकेचं केंद्र सरकार आरोग्य विम्याची सक्ती करत नाही. नियम बहुतांशी विद्यापीठं ठरवतात. काही वेव्हर देतात, काही देत नाहीत. विद्यापीठांच्या बहुतेक योजना 2010च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टखाली येतात. त्यामुळे तुम्हाला आधीपासून एखादा आजार आहे म्हणून कंपनी त्याचा खर्च नाकारू शकत नाही. प्रवास-विम्याच्या धर्तीवरचे प्लॅन ह्या कायद्याच्या बाहेर असतात. त्यांत जुने आजार बहुधा वगळलेले असतात, मानसिक आजारांवरच्या उपचारांना तुटपुंजी मर्यादा असते, एकूण खर्चालाही असते. स्वस्ताई येते ती इथून : ज्यांना खर्च येणार हे नक्की, त्यांना दाराबाहेर ठेवायचं.

माझ्या रूममेटला टाइप-वन डायबेटीस होता. बाराव्या वर्षापासून इन्सुलिन. आम्ही सगळे वेव्हरचे फॉर्म भरत होतो तेव्हा तो शांतपणे भात लावत होता. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही सगळे बाहेर पडा, मग आत आम्हीच उरू. पुढच्या वर्षी आमचा हप्ता बघा." चिडून नाही, कॅन्टीनच्या चहाचा भाव सांगावा तसं. गणित त्याचं बरोबर होतं. निरोगी लोक गेले की उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढतो, हप्ता वाढतो, मग आणखी काही निरोगी लोक निघून जातात.

मग माझ्यासारख्या ठणठणीत माणसाने त्याच्या इन्सुलिनसाठी पैसे द्यावेत का? माझ्या मते हा खरा प्रश्न आहे, आणि 'माणुसकी म्हणून द्यावेत' हे त्याचं फार सोपं उत्तर आहे.

जर्मनीने वेगळं उत्तर दिलं आहे. तिथे कामगारांसाठी सक्तीचा आरोग्य विमा 1883 साली, बिस्मार्कच्या काळात आला. आज तिथल्या सार्वजनिक विम्यात साधारण तिशीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सवलतीचा हप्ता असतो. पुण्याहून गेलेला असो की म्युनिकचाच, आजार असो वा नसो, त्यावरून हप्ता बदलत नाही. त्यातून बाहेर पडून खासगी विमा घेता येतो. पण एकदा बाहेर पडलात की शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी म्हणून परत येता येत नाही. मला हा नियम कठोर वाटतो आणि न्याय्यही. तब्येत ठीक असताना मी तुमच्यात नाही, आणि आजारी पडलो की तुमचाच, असं चालणार नाही, एवढंच तो सांगतो.

दुसरी बाजूही खोटी नाही. विद्यार्थी कर्ज काढून आलेला असतो. हजार-दोन हजार डॉलर वाचले तर घर तारण ठेवलेल्या वडिलांचे काही हप्ते सुटतात. उसन्या पैशांवर कुणाला उदार व्हायला सांगणं मला जमत नाही. म्हणून स्वस्त प्लॅन घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. दोष असेलच तर तो असा पर्याय समोर ठेवून त्याला शहाणपण म्हणणाऱ्या व्यवस्थेचा. वेव्हर हा प्रत्येकाचा खासगी निर्णय दिसतो, पण त्याचं बिल ज्याच्याकडे जातं त्याला कुणी विचारलेलं नसतं.

निदान सल्ला देताना तरी खरं बोलावं. किंमत सांगतो तसं काय वगळलंय तेही सांगावं. आणि 'पैसे वाया गेले' हे म्हणणं सोडून द्यावं.

हे म्हणणं कुठून येतं, तेही मला कळतं. आपल्या घरांनी भिशी पाहिलेली असते. आई दर महिन्याला पैसे भरते, कधीतरी तिचा नंबर लागतो, मग फ्रीज येतो. भरलेलं परत मिळतं. विमा दिसतो भिशीसारखाच. दहा जणांनी भरायचं, एकाने उचलायचं. पण इथे ज्याचा नंबर लागतो तो कमनशिबी. दोन वर्षं पैसे भरून ज्याच्या हाती काहीच आलं नाही, त्याच्या वाट्याला सगळ्यात चांगलं आलेलं असतं. आणि त्याचे पैसेही कुठे हरवलेले नसतात. कुणाच्या तरी फ्रीजमध्ये, दुधाच्या कॅनशेजारी, इन्सुलिनच्या कुपीत असतात.